चितऱ्या पानाची वेल

माझ्या सख्ख्या मामाने मला फसवलं. परवलाचं रोगट बेणं त्याने चांगलं म्हणून माझ्या हाती दिलं, रोगट आहे हे ठाऊक असताना दिलं, आणि त्यामुळे दोन बागा गेल्या; एक माझी, एक शेजारच्या गोपाळकाकाची. नातेवाईक अजून ही गोष्ट सांगताना 'कुसुमची बाग रोगाने गेली' असं म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. रोगाने गेली हे खरंच आहे. पण रोग काही मामाच्या दरेकशाहून आमच्या गावापर्यंत स्वतःच्या पायाने चालत आला नव्हता. तो मी ओल्या पोत्यात गुंडाळून, गाडीत मांडीवर धरून आणला होता, आणि ज्याला हे माहीत होतं तो माणूस मला गाडीत बसवून द्यायला स्टेशनापर्यंत आला होता.

आमचं गाव इटियाडोहाच्या कालव्याच्या अगदी शेपटाशी. वरच्या गावांच्या बांध्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेतं, भरल्या की उरलंसुरलं पाणी आमच्याकडे यायचं, आणि पुष्कळदा येतच नसे. म्हणून बाबांचा सगळा जीव बोडीवर. बोडी म्हणजे घरचं लहानसं तळं, पणजोबांच्या वेळी खणलेलं. आमचं घर तिच्या पाळीच्या पायथ्याशीच होतं. पहाटे आधी पाणकोंबड्या ओरडायच्या, मग बाबांचा खोकला, मग डिझेल इंजिनाचं हँडल फिरवल्याचा खडखडाट. ते एकदा लागलं की सगळ्या घराला बारीक कापरं भरायचं. फळीवरच्या पितळी गडव्यावर उपडी ठेवलेली वाटी किणकिणत राहायची. इंजिन बंद पडलं तर ते आईला त्या वाटीवरून कळायचं, आणि ती चुलीपाशी बसूनच बाबांना हाक मारायची. चुलीवर सकाळी लाखोरीची डाळ असे, दुपारी तीच आटून घट्ट झालेली, आणि संध्याकाळी तिच्यात आंबाडी घालून पुरवलेली. भात मात्र दोन्ही वेळेला ताजा. भात शिळा वाढला तर बाबा काही बोलत नसत, फक्त ताट पुढे सरकवून उठत. आमच्या घरात राग असाच असायचा, बिनआवाजाचा. मोठ्याने रागावणारी मी एकटीच निघाले.

तो राग मला बाजाराने शिकवला. आई दर आठवड्याला अर्जुनीच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि मी नऊ-दहा वर्षांची असल्यापासून तिच्या बाजूला. आई भाव सांगताना खाली पाहायची. गिऱ्हाईक ते ओळखायचं आणि भाव पाडायचं. मग एके दिवशी मी पुढे सरकून बसले आणि आईला मागे बसवलं. मला लवकरच समजलं की माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक वेळा हवंच असतं, फक्त त्याची घासाघीस चाललेली असते. टोपलीपासून चार पावलं गेलेला माणूस परत येतो. 'यंदा राहू द्या' म्हणणारा व्यापारी पाठ फिरवून उभा राहतो आणि कान इकडे ठेवतो. हे ज्ञान मी फार अभिमानाने मिरवलं. याच ज्ञानाने मला पुढे बुडवलं, ते सांगतेच.

बारावीनंतर मी घरी होते. दोन्ही भाऊ लहान, पण बाबांची तीन एकर जमीन त्या दोघांत कशी जाईल हे घरात कुणी न बोलताच ठरलेलं होतं. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालेलं. बोडीच्या पाळीखाली एक उंचावरची रेताड बांधी होती, अर्ध्या एकराची. तिथे धान कधी धड झालं नाही. पाणी ठरतच नसे. पण तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागूनच गोपाळकाकाची परवलाची बाग होती आणि ती बारा-चौदा वर्षं एकाच जागी उभी होती. दरवर्षी दिवाळीनंतर काका वेली छाटायचा, मुळं जमिनीत तशीच ठेवायचा, आणि थंडी उतरली की मुळांतून पुन्हा कोंब यायचे. त्याचा परवल लांबट, हिरव्यावर पांढऱ्या रेघांचा, आणि आत बी जवळजवळ नसलेलं. त्याच्या वडिलांनी ती जात कुठून तरी आणली होती. आई तो परवल चिरून जवसाची चटणी भरायची आणि तव्यावर झाकण ठेवून होऊ द्यायची. भाजी तयार झाल्याचं घरात कुणाला सांगावं लागत नसे. मी ती बाग बघत बघत मोठी झाले आणि मला तीच पाहिजे होती. स्वतःची बांधी, स्वतःचा मांडव.

मी बाबांच्या मागे लागले. किती दिवस लागले ते विचारू नका. शेवटी दिवाळीनंतर एका सकाळी गोपाळकाका धुऱ्यावर बसलेला असताना, त्याच्या देखत, बाबा म्हणाले, "एक साल देतो तुले. मांडव दिवारीपर्यंत उभा राहिला तं बांधी तुही. तुया नावानं करून देतो. नाई राहिला तं तिथं धान लावीन, अन् मंग स्थळ आलं तं तू काऊन-कायले म्हनायचं नाई."

मी हव म्हटलं. काका हसून म्हणाला की दशरथ, पोरगी तुझ्यापेक्षा पक्की आहे. मी लगेच त्याच्याकडे वळून बेणं मागितलं, तेव्हा मात्र त्याचं हसू गेलं. परवल बियांपासून लावत नाहीत. जून वेलीचे तुकडे घेऊन, त्यांचं वेटोळं करून मातीत पुरतात. म्हणजे ज्याची वेल त्याचीच जात, जशीच्या तशी दुसऱ्याच्या बागेत. काकाने ती जात आपल्या भावालाही दिली नव्हती. मला कशी देणार? तेव्हा मी मामाचं नाव घेतलं.

वसंतमामा आईचा थोरला भाऊ. दरेकशाच्या स्टेशनापासून तासभर चाललं की त्याचं गाव, डोंगराच्या कुशीत, नाल्याच्या काठी. त्या पट्ट्यात परवल पहिल्यांदा त्याने आणला आणि दहा-बारा गावांत त्याला 'परवलवाला' म्हणूनच ओळखायचे. मी छोट्या लाईनच्या गाडीने गोंदियाला गेले, तिथून पॅसेंजर धरली आणि दुपारी त्याच्या अंगणात उभी राहिले. आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मामा केवढा का मोठा असेना, भाची केवढी का लहान असेना, तो वाकतो, तिच्या पायांना हात लावतो, आणि भाचीने काही मागितलं तर त्याने नाही म्हणायचं नसतं. मामा वाकला. मामीने पाणी दिलं, मग तांदळाच्या पिठाची गरम भाकर आणि झिंग्याची चटणी. मी खाता खाताच मागणी सांगितली, साठ वेटोळी पाहिजेत, त्यांत सहा नर वेलींची, बाकी मादी. नर वेलीला फळ येत नाही, पण ती नसली तर मादीलाही येत नाही, एवढं मला गोपाळकाकाच्या बागेत बघून कळलेलं होतं.

मामा म्हणाला, "औंदा परवल राहू दे वं बाई. वांग्याची रोपं देतो. पुढच्या साली ये, मंग परवल देतो." मी हसले. मला वाटलं, मामाची घासाघीस चालली आहे. तो म्हणाला वेली अजून जून झाल्या नाहीत. मी म्हटलं, झाल्या, मला येताना नाल्याकडून दिसल्या. तो म्हणाला दोन पायली नवा तांदूळ देतो, चांगला वासाचा. मी म्हटलं तांदूळ आमच्या घरी पिकतो. तीनदा त्याने बाजूला व्हायला बघितलं आणि तीनदा मी त्याला कोपऱ्यात आणलं, अगदी बाजारात आणायची तसं. शेवटी मी ते वाक्य बोलले, ज्याच्यापुढे आमच्याकडे कुठल्याच मामाचं चालत नाही.

"भाचीले खाली हातानं धाडशीन काय, मामा?"

तो उठला आणि विळा घेऊन बागेत गेला. मी मागे. वेली छाटताना शेंड्याकडची पानं माझ्या नजरेस पडली. हिरव्यावर पिवळे डाग, जणू कुणी हळदीच्या पाण्याचे हात झटकले आहेत, आणि पानाची कड थोडी आत वळलेली. गोपाळकाकाच्या बागेत मी असं पान कधी पाहिलं नव्हतं. मी विचारलं, हे पान असं काऊन?

"चितरी हाये वं," मामा म्हणाला. "जातच तशी. तिकडं छत्तीसगडात याले लय मागनी हाये."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तो वेटोळं बांधत होता. मी ते लक्षात घेतलं आणि त्याचा अर्थ असा लावला की मामाला आपली खास जात द्यायचं जिवावर आलं आहे. मी मनात खूश झाले. परत येताना गाडीत शेजारच्या बाईला सांगितलंसुद्धा की ही चितरी परवल आहे, आमच्या तालुक्यात कुणाकडे नाही. आज साठीच्या पुढे हे लिहिताना माझे कान तापतात. डोक्यावरून गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळाची शिकाऊ विमानं घिरट्या घालत आहेत, माझ्या रोपवाटिकेत जाळीखाली बायका ट्रे भरत आहेत, आणि मला त्या गाडीतल्या पोरीच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटतं.

वेटोळी बांधीत पुरली, पेरं फुटली. थंडी ओसरता ओसरता वेली बांबूच्या मांडवावर चढल्या आणि त्यांच्याबरोबर पिवळे डागही चढले. सगळ्या वेलींवर नव्हे. साठांतल्या वीस-एक वेली चितऱ्या, बाकीच्या हिरव्यागार. मी त्या विसांची जास्त काळजी घेतली. खतं त्यांना आधी, पाणी त्यांना आधी. सकाळी दव असतानाच आई आणि मी नर फुलं खुडायचो आणि मादी फुलांवर टेकवायचो. याला आमच्याकडे वेलीचं लगीन लावणं म्हणतात, आणि आई ते करताना खरोखर मंगलाष्टकाच्या चालीत काहीबाही गुणगुणायची. गोपाळकाका एकदा धुऱ्यावरून आला, चितरं पान बोटांत धरून बराच वेळ बघत राहिला, आणि असं पान मी बापजन्मात पाहिलं नाही एवढंच म्हणाला. मला वाटलं, जळतो.

मग पहिले परवल आले. हिरव्या वेलींचे बरे होते. चितऱ्यांचे बोटाच्या पेराएवढे, वाकडे, अंगावर खडबडीत गाठी, आणि टणक असे की आईचा विळा घसरायचा. बाजारात एका बाईने एक उचलून बघितला आणि माझ्या टोपलीत परत टाकला, न बोलता. भाव विचारला असता तर मी भांडले असते. न बोलता टाकलेल्या मालाचं काय करायचं ते मला येत नव्हतं. पंधरा दिवसांत हिरव्या वेलींची नवी पानंही पिवळी फुटू लागली. रोज सकाळी मी मोजायला जायची आणि रोज दोन-तीन वाढलेल्या असायच्या. मांडवाला हात लागला की पानांखालून बारीक पांढऱ्या माश्या उडायच्या, राखेची फुंकर मारल्यासारख्या, आणि क्षणात परत बसायच्या. मी त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. मी पानाकडे बघत होते.

त्या दोन महिन्यांत मी जे जे केलं ते आठवलं तरी चीड येते. आईच्या सांगण्यावरून आंबट ताक शिंपडलं. बाबांच्या सांगण्यावरून चुलीतली राख. शेजारणीने सांगितलं म्हणून वेलीला लिंबू-मिरची बांधली. अर्जुनीच्या औषधाच्या दुकानदाराने पान हातात न घेताच बाटली पुढे केली आणि म्हणाला, "ये मारो, आठ दिन में पत्ता खुल जाएगा." आठ दिवसांनी पान उघडलं नाही, त्याने दुसरी बाटली दिली. मग तिसरी, ती बुरशीची होती, हे मला पुढे कळलं. भाव पाडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं आणि मी त्या माणसाकडून प्रत्येक बाटली कमी भावात आणली, विजयी होऊन आणली. जी वस्तू मुळात घ्यायचीच नव्हती तिची घासाघीस केली. दुकानदार मनात किती हसला असेल.

एप्रिलच्या शेवटी गोपाळकाकाच्या बागेत, आमच्या धुऱ्याच्या बाजूला, पहिलं पिवळं पान दिसलं. मी ते त्याच्या आधी पाहिलं. त्या दिवशी मी सायकल काढली आणि कृषी सहायकांना घेऊनच आले. मेश्राम साहेब नवे होते, तरुण, आणि ऊन सहन न होणारे. टोपीखाली ओला रुमाल घालून आले. त्यांनी पान उलटं केलं, मांडव हलवला, माश्या उडालेल्या बघितल्या, आणि सरळ सांगितलं की हा विषाणूचा रोग आहे, एकदा वेलीत शिरला की कुठल्याही बाटलीने जात नाही. पांढरी माशी रोगट वेलीचा रस पिते आणि चांगल्या वेलीत नेऊन सोडते. उपाय एकच. आधी माशीवर फवारा, दोन दिवस थांबा, मग रोगट वेली मुळासकट उपटा आणि त्याच दिवशी जाळा. धुऱ्यावरची रानतोंडली काढून टाका, रोग तिच्यातही लपतो. पुढे नवीन लागवड करायची तर भोवती मक्याच्या दाट ओळी लावा. आणि या बागेचं बेणं कुणालाही देऊ नका. हे सगळं आज मी माझ्या गिऱ्हाइकांना शब्दशः तसंच सांगते. तेव्हा मी फक्त एकच ऐकलं, वेली उपटा. मी चिडून विचारलं की मग हा रोग आला कुठून, कारण गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. त्यांनी विचारलं, बेणं कुठलं? मी मामाचं गाव सांगितलं.

साहेबांनी टोपीखालचा रुमाल काढून तोंड पुसलं. मग म्हणाले की त्यांचा एक सोबती तिकडच्या सर्कलमध्ये आहे, आणि त्याने मागच्याच पावसाळ्यात नाल्याकाठच्या एका परवलबागेला जाळायला सांगितलं होतं. नाव त्यांना आठवत नव्हतं. मला आठवण्याची गरज नव्हती. त्या गावात नाल्याकाठी परवलाची बाग एकच.

दुसऱ्या दिवशी मी दरेकशाला उतरले. मामाच्या बागेत मांडव नव्हता. नांगरलेली जमीन होती, कडेला राखेचा जुना काळा गोल, आणि नाल्याकडच्या बाजूला वांग्याच्या ओळी. मामा घरात नव्हता. मामीने मला बघितलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. मी काही विचारलं नाही, नुसती त्या गोलाकडे बोट दाखवून उभी राहिले. मामी म्हणाली, "साहेबानं जाळाले सांगतलं होतं वं. तू आली तवा जाळाचीच होती. मी म्हनलं यायले, सांगा पोरीले. तं म्हने भाचीले नाई कसं म्हनाव, अन् दहा गावांत मंग काय इज्जत राह्यन."

इतक्यात मामा आला. मला बघताच सवयीने वाकला. मी पाय मागे घेतले. आमच्याकडे हे कुणी करत नाही. मामीने तोंडाला पदर लावला. मी विचारलं की चितरी जात असते का. तो म्हणाला, मी तुला तीनदा नाही म्हटलं, तूच ऐकलं नाहीस. आणि हे खरं होतं, म्हणून मला आणखी संताप आला. त्याने वांगी देतो म्हटलं, तांदूळ देतो म्हटलं, पुढच्या वर्षी ये म्हटलं. पण 'माझी बाग आजारी आहे' असं तो एकदाही म्हणाला नाही. तेवढं म्हणायला भाचीचा मान आड येत नव्हता. आड येत होतं त्याचं 'परवलवाला' हे नाव. मी त्याच्या अंगणात जे बोलले ते इथे लिहीत नाही. स्टेशनापर्यंत मी एकटी चालत गेले.

आता जे लिहिते ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरी आले ती थेट बांधीत गेले आणि विळा घातला. फवारा मारला नाही. दोन दिवस थांबले नाही. साहेबांनी सांगितलेला क्रम मला पाठ होता, आणि तो पाळण्याएवढा धीर माझ्या अंगात नव्हता. भर फळावर आलेला मांडव मी एका सकाळीत आडवा केला. आई धावत आली, माझा हात धरला, म्हणाली की लगीन लावलेल्या वेलींना असा विळा लावतात का. मी तिला झिडकारलं. परवलाची मुळं हातभर खोल असतात, गाजरासारखी जाड. कुदळीने खणून खणून माझ्या तळहाताची सालटी निघाली. ओल्या वेली जळेनात. म्हणून मी ढीग धुऱ्यालगत वाळायला टाकला. दोन दिवस तो तिथे पडून होता. वेली सुकू लागल्या तशा माश्या त्यांच्यावरून उठल्या आणि जवळच्या हिरव्या पानांवर गेल्या. जवळची हिरवी पानं गोपाळकाकाची होती.

आठवड्याभरात काकाच्या आठ वेली पिवळ्या झाल्या. त्या मी मोजून ठेवल्या होत्या. मी त्याच्याकडे गेले, या वेळेला खाली बघत गेले. म्हटलं, काका, या आठ काढा, आजच काढा, मी फवारा घेऊन आले आहे, मी खणते, तुम्ही हातही लावू नका. बाकीची बाग वाचेल. त्याच्या त्या आठही वेली फळाने लगडलेल्या होत्या. जुनी मुळं, दणकट वेल, रोग अंगात घेऊनही अजून फळ देत होती. काका खाटेवरून उठला नाही.

"फळती वेल मी नाई कापत, कुसुम. माह्या बापानं लावली हाये. तुही तू कापली, तुले शोभलं."

मी चार वेळा गेले. साहेबांना आणलं. साहेबांनी दोन्ही हात जोडले. काकाने त्यांना चहा पाजला आणि वेली तशाच ठेवल्या. मी भावात कुणालाही नमवू शकत होते, पण या माणसाला माझ्याकडून काहीच नको होतं, तर मी त्याच्याशी घासाघीस कशाची करू? आठाच्या वीस झाल्या, विसाच्या साऱ्या. पावसाळा संपेपर्यंत त्याच्या मांडवावर गोळा झालेली, पिवळी, मुठीत मावणारी पानं तेवढी उरली. दिवाळीनंतर त्याने छाटणी केली, थंडी उतरली, मुळांतून कोंब आले, आणि पहिलंच पान चितरं निघालं. त्या दिवशी मी त्याला मांडवाखाली उकिडवं बसलेलं पाहिलं. तो रडत वगैरे नव्हता. कोंब बोटाने मोडायचा, बाजूला ठेवायचा, पुढचा मोडायचा. पुढे त्याने ती जमीन ठोक्याने, म्हणजे खंडाने, दिली आणि माझ्याशी मरेपर्यंत बोलला नाही. त्याची ती रेघांची जात दुसऱ्या कुणाकडे नव्हतीच. त्यानेच कुणाला दिली नव्हती. मी गेली तीस वर्षं बालाघाटपासून डोंगरगडपर्यंत प्रत्येक बाजारात परवल उचलून बघते. तशी मिळालेली नाही.

आणि माझी बांधी. वेली जाळल्या त्या दिवशी बाबा इंजिन बंद करून आले आणि पडलेल्या बांबूंकडे बघत उभे राहिले. मी म्हटलं, बाबा, रोग काकाच्या बागेत पसरू नये म्हणून पाडला.

"कायले पाडला ते मी नाई विचारलं," बाबा म्हणाले. "मांडव उभा नाई."

पहिल्या पावसात त्यांनी तिथे धान टाकलं. नेहमीप्रमाणे पाणी ठरलं नाही आणि धान झालं नाही, पण जमीन पुन्हा माझी व्हायचा प्रश्न नव्हता. दिवाळीआधीच पहिलं स्थळ आलं. मी काऊन म्हटलं नाही, कायले म्हटलं नाही. शब्द दिलेला होता. लग्न होऊन गोंदियाला आले, त्या घरी राहिले, मग त्या घरातूनही निघाले, भाजी विकली, रोपं विकली. आज माझ्या नावावर जी जमीन आहे तिच्या एकाही ढेकळावर बापाचं किंवा मामाचं नाव नाही. जाळीघर आहे, दुहेरी दार आहे, आत यायच्या आधी हातपाय धुवायचे. बेण्याच्या मूळ वेली मी वेगळ्या ठेवते, पानं तपासायला पाठवते, आणि एक पान जरी संशयाचं निघालं तर आधी फवारा, मग दोन दिवस, मग आग. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, तुमची रोपं महाग. मी म्हणते, मग स्वस्त घे आणि मला पुढच्या वर्षी तोंड दाखवू नको. पुष्कळ जण निघून जातात. काही परत येत नाहीत.

हे प्रकरण मी लिहिणार नव्हते. मामा आता नव्वदीला टेकला आहे, त्याला कशाला, असं माझी मुलगीही म्हणाली. पण गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याने मला मोबाईलवर एक जाहिरात पाठवली आणि विचारलं, ताई, हे घेऊ का? मामाचा मुलगा दिलीप परवलाचं बेणं विकतो आहे. वर लिहिलं आहे, घरचं बेणं, दोन पिढ्यांची खात्री. खाली बागेचा फोटो, मांडवाखाली खुर्चीत मामा बसलेला. मी फोटो मोठा करून बघितला. मामाच्या खांद्याच्या वर, उजव्या बाजूला, पानाची कड आत वळलेली आहे आणि हिरव्यावर पिवळं आहे. मी दिलीपला फोन केला. तो म्हणाला, ताई, फोटोत ऊन पडलं आहे. मी म्हटलं, पान तपासायला पाठव, खर्च माझा. त्याने फोन ठेवला. दोनदा केला, उचलला नाही.

म्हणून हे तुला लिहिते आहे, मामा. तुला दिसतं, तुला ऐकू येतं, तू खुर्चीत बसून फोटो काढून घेतोस, तेव्हा तुला उत्तरही देता येईल. माझा हट्ट होता, माझा राग होता, माझी चूक वर लिहिली आहे, नावासकट. आता तू तुझी सांग. मला सांगू नको. मला ती माहीत आहे. गोपाळकाकाची सून अजून त्याच घरात राहते. तिच्या ओसरीवर जा, दिलीपला सोबत ने, आणि त्याच्या देखत तिला सांग की बाग आजारी आहे हे तुला ठाऊक होतं, जाळायला सांगितलं होतं, आणि तरीही तू मला ती जात आहे म्हणालास. गाडीभाडं मी देते. आणि त्या फोटोतली वेल तुझ्या हाताने उपटून ये, कुणाच्या पोत्यात जायच्या आत.